विशेष शाळा, विशेष वर्ग की शेजारची शाळा? निर्णयापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

मुलाच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात पडतं आणि घरात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: याला शाळेत कुठे घालायचं? आजीचं म्हणणं असतं, ताईच्याच शाळेत जाऊ दे, चार मुलांत राहिला तर चार गोष्टी शिकेल. काकांना वाटतं, तिथे मुलं चिडवतील, त्यापेक्षा त्याच्यासारख्या मुलांच्या शाळेत बरा. शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक गोड शब्दांत सांगतात, "आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुम्ही विशेष शाळाच बघा." आणि विशेष शाळा जिल्ह्याच्या ठिकाणी, एस.टी.ने दीड तासावर.

माझं मत आधीच सांगून टाकते. मूल शक्यतो आपल्या गावातल्या, आपल्या भावंडांच्या शाळेत जावं असं मला मनापासून वाटतं. पण हजेरीपटावर नाव चढलं म्हणजे मूल शाळेत सामावलं, हे मला मान्य नाही. शेवटच्या बाकावर दिवसभर नुसतं बसून घरी येणारं मूल खूप पाहायला मिळतं. म्हणून कुठली शाळा हे ठरवण्याआधी या मुलाला रोज नेमकी कोणती मदत लागते आणि ती कोण देणार, हे कागदावर उतरवायला हवं. ते नीट झालं की शाळेचा प्रश्न बराच सुटतो.

पर्याय दोनच नाहीत

बहुतेक पालकांसमोर प्रश्न असा मांडला जातो की एकीकडे विशेष शाळा, दुसरीकडे नेहमीची शाळा, निवडा. प्रत्यक्षात मधल्या बऱ्याच वाटा आहेत. काही नेहमीच्या शाळांतच एक वेगळा विशेष वर्ग असतो. त्यातली मुलं भाषा, गणित वेगळं शिकतात, पण प्रार्थना, खेळ, चित्रकला, सहल सगळ्यांबरोबर. काही ठिकाणी मूल आपल्या इयत्तेच्या वर्गातच बसतं आणि दिवसातला अर्धा-पाऊण तास संसाधन कक्षात विशेष शिक्षकाकडे जातं. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत तेवढंही नसतं, तिथे विशेष शिक्षक फिरतीवर येतात. ज्या मुलाला घराबाहेर नेणंच कठीण, त्याच्यासाठी घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. मोठ्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, आपल्या गतीने एकेक विषय सोडवत दहावी-बारावी करता येते.

शिवाय एकदा निवडलेली वाट आयुष्यभर धरून ठेवावी लागत नाही. अंध मुलाने सुरुवातीची काही वर्षं अंधशाळेत ब्रेल, पांढरी काठी आणि अबॅकस पक्कं करावं आणि मग नेहमीच्या माध्यमिक शाळेत यावं, हा प्रवास अनेकांनी उत्तम केला आहे. उलटही घडतं. पाचवीपर्यंत गावच्या शाळेत रमलेलं बौद्धिक अक्षमतेचं मूल सातवीत गेल्यावर एकटं पडतं आणि त्याला व्यवसायशिक्षण देणाऱ्या विशेष शाळेत हलवणं हिताचं ठरतं. त्यात हार कसली? मुलाची गरज बदलली, म्हणून जागा बदलली.

इथपर्यंत आपण कसे आलो

महाराष्ट्रात विशेष शाळा आधी आल्या, आणि त्या आल्या तेव्हा ते मोठं धाडसच होतं. मुंबईत माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात निघाली. १९०० साली अ‍ॅना मिलर्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी सुरू केलेली अंध मुलांची शाळा पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ साली उभी राहिली. त्या काळात नेहमीच्या शाळा या मुलांना दारातही उभं करत नव्हत्या. विशेष शाळांनी त्यांना पहिल्यांदा पाटी-पेन्सिल दिली, हे विसरून त्यांना आज जुनाट म्हणणं मला पटत नाही.

त्यानंतर हळूहळू मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याचा विचार रुजला. केंद्र सरकारने १९७४ साली दिव्यांग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. एकात्म म्हणजे मुलाला शाळेत जागा मिळणार, पण जुळवून घ्यायचं मुलानेच. पुढे समावेशित शिक्षणाची कल्पना आली. त्यात जुळवून घेण्याची जबाबदारी शाळेवर येते: जिना असेल तर उतार करा, पाठ्यपुस्तक वाचता येत नसेल तर ऐकवा, लिहिता येत नसेल तर तोंडी विचारा. १९९४ साली स्पेनमधल्या सलामांका शहरात भरलेल्या जागतिक परिषदेने हीच दिशा धरली. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या करारावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केलं आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला.

या कायद्यातलं एक कलम प्रत्येक पालकाला ठाऊक असायलाच हवं. कलम ३१. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते शेजारच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, याची निवड मुलाच्या बाजूची आहे. शाळेच्या बाजूची नाही. "तुम्ही विशेष शाळाच बघा" हा सल्ला असू शकतो. तो हुकूम असू शकत नाही.

वर्गात प्रत्यक्ष काय घडतं

धोरणाची भाषा बाजूला ठेवून एका वर्गात जाऊन बसू. तिसरीचा वर्ग, मराठी माध्यम. एक मुलगी बोलायला चुणचुणीत, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगते, पण वाचायला उठली की 'घर'चं 'धर' होतं आणि 'भात'चा 'मात'. जोडाक्षर आलं की थांबते. 'किती' लिहिताना गोंधळते, कारण पहिली वेलांटी काढायची 'क'च्या आधी आणि उच्चारायची 'क'च्या नंतर. बाई लाल शाईने गोल करतात आणि दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगतात. ती दहा वेळा चुकीचंच लिहून आणते. ही बहुधा अध्ययन अक्षमता आहे, ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणून ओळखतो.

हिला काय लागतं? रोज अर्धा तास, तीन-चार मुलांच्या गटात, एका वेळी एकच अक्षर, त्याचा आवाज मोठ्याने म्हणत ताटातल्या रव्यावर बोटाने गिरवणं. काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या रंगात. 'घ' आणि 'ध' एकाच दिवशी शिकवायचे नाहीत. हे चाळीस मुलांच्या वर्गात होत नाही, त्यासाठी संसाधन कक्षच हवा. पण दिवसाचा उरलेला सगळा वेळ ती वर्गात सहज बसू शकते. परिसर अभ्यास ऐकून कळतो, गणित फळ्यावर कळतं, उत्तरं तोंडी देता येतात. अशा मुलीला पूर्णवेळ विशेष शाळेत पाठवणं म्हणजे अर्ध्या तासाच्या अडचणीसाठी तिचं सगळं बालपण हलवणं.

आता पाचवीतला एक मुलगा, कानाला श्रवणयंत्र लावलेला. वर्गात पत्र्याचं छप्पर, वर घरघरणारा पंखा. गुरुजी शिकवता शिकवता फळ्याकडे वळले की त्याच्यापुरता तास संपला, कारण तो ओठ बघून निम्मं समजून घेत असतो. श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं, पंख्याचाही. बोलणारा जवळ असला तर ते नीट उपयोगी पडतं, खोलीच्या दुसऱ्या टोकाचं बोलणं गढूळ होऊन पोहोचतं. त्यात मराठीची आपली एक अडचण आहे. वाक्याचा अर्थ जोडणारे प्रत्यय, ने, ला, त, ची, हे शब्दाच्या शेवटी हलक्या आवाजात येतात. तेच नेमके निसटतात. म्हणून तो वहीत लिहितो, "आई बाजार गेली पिशवी भाजी आणली." गुरुजींना वाटतं व्याकरण कच्चं आहे. व्याकरण त्याच्या कानापर्यंत कधी गेलेलंच नाही.

त्याच्यासाठी पहिला बाक, मुलांकडे तोंड करून बोलण्याची गुरुजींची सवय, मुख्य शब्द फळ्यावर आणि शक्य असेल तर गुरुजींच्या गळ्यात छोटा माइक, ज्याचा आवाज थेट यंत्रात जातो. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना दमडीही लागत नाही. तरीही त्या बहुतेक वर्गांत होत नाहीत, कारण गुरुजींना कुणी सांगितलेलंच नसतं.

विशेष वर्ग काय देतो, काय हिरावतो

चांगला विशेष वर्ग पाहिला की त्याची ताकद लगेच कळते. मुलं मोजकी, शिक्षक प्रशिक्षित, आणि घाई नाही. इथे शर्टाची बटणं लावणं हाही पाठ असतो, संडासला जायचंय हे खुणेने सांगणं हाही पाठ, दहाची नोट देऊन सुटे परत घेणं हाही पाठ. मध्यम किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पुढे आयुष्यात याच गोष्टी उभं करतात. नेहमीच्या वर्गात त्यांना वेळच नसतो. शिवाय वाचा-उपचार, व्यवसायोपचार (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिलेला उपचार) आणि फिजिओथेरपी एकाच छताखाली मिळते. थकलेल्या पालकांना दुसरे पालक भेटतात, हा लाभही लहान नाही.

पण विशेष वर्गाची एक खोड आहे. तिथून बाहेर पडण्याचं दार अरुंद असतं. "याला एवढंच जमतं" असं एकदा ठरलं की वर्षानुवर्षं तेच मणी ओवणं आणि तेच चित्र रंगवणं चालू राहतं. मुलाकडून अपेक्षा कमी झाली की मूल तेवढंच देतं. दुसरं म्हणजे गावाशी नाळ तुटते. वसतिगृहात वाढलेलं मूल सुट्टीत घरी आलं की गल्लीतल्या मुलांना ते पाहुणं वाटतं. पुढे आयुष्य काढायचं आहे ते याच गल्लीत, याच माणसांत. आणि बाकीची मुलंही काही शिकायची राहून जातात. वर्गात चाकाच्या खुर्चीवरची मैत्रीण असलेली मुलं उद्या कुणी इंजिनीअर, कुणी सरपंच, कुणी बस कंडक्टर होतील, तेव्हा त्यांना उतार का हवा हे समजावावं लागणार नाही.

इतर पालकांची एक शंका नेहमी कानावर येते: "अशा मुलामुळे आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल." वेगवेगळ्या देशांत यावर बराच अभ्यास झाला आहे आणि एकंदर सूर असा आहे की वर्गात पुरेशी मदत असेल तर बाकीच्या मुलांचं नुकसान होत नाही. मात्र दिव्यांग मुलांचा नेमका किती फायदा होतो, यावर सरसकट उत्तर मिळत नाही. कॅम्पबेल कोलॅबरेशन या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष असा की नेहमीच्या वर्गात घातल्याने सरासरीने मुलांची प्रगती वाढतही नाही आणि घटतही नाही. काही मुलांना फायदा, काहींना तोटा. मला हा निष्कर्ष निराश करणारा वाटत नाही. खोली बदलल्याने काही होत नाही, खोलीत काय चालतं त्याने होतं, एवढंच त्यातून दिसतं.

दोन देशांचा अनुभव

इटलीने याबाबतीत सगळ्यांत मोठी उडी घेतली. १९७७ च्या कायद्याने तिथले विशेष वर्ग बंदच झाले आणि जवळपास सगळी मुलं नेहमीच्या वर्गात आली. पण नुसती मुलं हलवली नाहीत. सहाय्यक शिक्षक दिला, आणि तो एकट्या मुलाला न देता अख्ख्या वर्गाला दिला. तिथेही तक्रारी आहेत, सहाय्यक शिक्षक दरवर्षी बदलतात, काही मुलं वर्गाबाहेरच जास्त वेळ काढतात. तरी शिक्षक आधी आणि मूल मागून, हा क्रम आपण त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

इंग्लंडची कथा वेगळी आणि प्रामाणिक आहे. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९७८ साली विशेष शैक्षणिक गरजांचा विचार पुढे आणला आणि मुलं शक्यतो एकत्र शिकावीत असं सुचवलं. त्याच वॉर्नॉकबाईंनी २००५ साली लिहिलं की याचा अतिरेक झाला आहे, काही मुलं मोठ्या शाळेत एकाकी पडतात आणि त्यांच्यासाठी लहान, विशेष शाळा हव्यात. ज्यांनी पाया घातला त्यांनीच उघडपणे फेरविचार केला. आपल्याकडे दोन्ही बाजूंचे लोक इतके ठाम असतात की हे उदाहरण मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

प्रत्येक मुलाची गरज वेगळी

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं, असलेल्या मुलांच्या बाबतीत आपल्याकडे फार अन्याय होतो. हातपाय कडक, बोलणं अस्पष्ट, तोंडातून लाळ गळते, म्हणजे बुद्धीही कमीच असणार असं लोक परस्पर ठरवून टाकतात. यातल्या कितीतरी मुलांची बुद्धी लखलखीत असते. त्यांना लागतो उतार, खुर्चीसह आत जाता येईल असं स्वच्छतागृह, योग्य उंचीचं टेबल, उत्तराला जास्त वेळ, आणि बोलता येत नसेल तर बोट ठेवून सांगायला चित्रांचा किंवा अक्षरांचा तक्ता. शाळेला पायऱ्या आहेत म्हणून असं मूल विशेष शाळेत पाठवणं मला कदापि मान्य नाही. पायऱ्या फोडता येतात.

जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाचा विचार मात्र फार बारकाईने करावा लागतो. पहिल्या तीन-चार वर्षांत मुलाला कोणती तरी एक भाषा पूर्णपणे मिळायलाच हवी. श्रवणयंत्रातून किंवा कॉक्लिअर इम्प्लांटमधून (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्रातून) बोली मराठी मिळो, नाहीतर हाताने भारतीय सांकेतिक भाषा मिळो, पण अर्धवट दोन्ही नको. ज्या वर्गात एकालाही खुणांची भाषा येत नाही, तिथे ती भाषा बोलणारं मूल तीस मुलांत असूनही एकटं असतं. त्याच्यासाठी चांगली कर्णबधिर शाळा हीच भाषेची जागा ठरते. तिथे त्याला मोठी कर्णबधिर माणसं दिसतात, थट्टा, भांडण, गोष्टी सगळं आपल्या भाषेत करता येतं. समावेशाचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे थोडं थांबून ऐकायला हवं.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना वर्गापेक्षा मधली सुट्टी जास्त अवघड जाते. तासाला निदान एक आखणी असते. सुट्टीत घंटा, गलका, धावपळ, कोण कुठून अंगावर येईल याचा नेम नाही. चित्रांचं वेळापत्रक, घंटा होण्याआधी दिलेली सूचना, बसायला एक शांत कोपरा आणि बरोबर एक समजूतदार वर्गमित्र, इतक्यावर काही मुलं छान टिकतात. काहींना साठ मुलांचा वर्ग सोसतच नाही, त्यांना आधी लहान विशेष वर्ग आणि मग हळूहळू एकेक तास बाहेर, असं न्यावं लागतं.

बौद्धिक अक्षमतेत खरी कसोटी लागते ती वरच्या वर्गात. पहिली-दुसरीत सगळीच मुलं मणी मोजतात, फरक फारसा दिसत नाही. पाचवी-सहावीनंतर दरी वाढते. तेव्हा पाठ एकच ठेवून उद्दिष्ट वेगळं ठेवावं लागतं: बाकीची मुलं नफा-तोट्याची उदाहरणं सोडवतात, तेव्हा हा नोटा ओळखून किमतीच्या चिठ्ठ्या जुळवतो. तयारी असलेला शिक्षक हे करतो. तयारी नसली तर मुलाला "बस, चित्र काढ" म्हटलं जातं.

बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि घरी शिक्षण घेण्याचा हक्क मिळाला. हक्क चांगला, पण डोळ्यांत तेल घालून जपावा लागतो. विशेष शिक्षक किती दिवसांनी येतात, किती वेळ थांबतात, काय शिकवतात, याची घरी वहीत नोंद ठेवा. नाहीतर घरचं शिक्षण म्हणजे नुसतं घरी राहणं होतं. आणि शाळेची ने-आण टाळण्यासाठी कुणी हा पर्याय तुमच्या माथी मारत असेल, तर तो मुळीच स्वीकारू नका.

शिक्षक कुठे आहेत?

सगळ्या चर्चेचं घोडं इथेच अडतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सांगितलं की प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यावरच्या स्तरावर दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हे काम कंत्राटी विशेष शिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर ओढलं. २०२४ साली राज्य सरकारने शाळांच्या प्रत्येक केंद्रासाठी एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. पाऊल मोठं आहे, त्याचं स्वागतच करायला हवं. पण एका केंद्रात दहा-बारा किंवा त्याहून जास्त शाळा असतात. त्यात एका शिक्षकाने एका शाळेला दिवस दिला, तर पुन्हा तिथे यायला त्याला दोन आठवडे लागतात. रव्यावर अक्षर गिरवायला रोज अर्धा तास हवा, तिथे दोन आठवड्यांतून एक दिवस कसा पुरणार?

म्हणून वर्गशिक्षकच तयार होणं अटळ आहे. फिरत्या शिक्षकाचं खरं काम मुलाला एक तास शिकवून जाणं इतकंच नाही. पुढचे पंधरा दिवस वर्गाच्या बाईंनी काय करायचं, हे दाखवून जाणं जास्त मोलाचं. जिथे हे दोघं पंधरा मिनिटं एकत्र बसतात, तिथे मुलात फरक दिसतो.

आराखडा हाच कणा

विशेष शाळा असो वा नेहमीची, मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा हवाच. शिक्षक त्याला आयईपी म्हणतात. त्यात आज मूल काय करू शकतं, पुढच्या तीन-चार महिन्यांत काय करू शकावं, ते कोण, कधी आणि कशाने शिकवणार, आणि जमलं की नाही हे कसं तपासणार, एवढं असतं. "वाचन सुधारेल" असं लिहिलं असेल तर तो आराखडा काही कामाचा नाही. "दिवाळीपर्यंत काना आणि पहिली वेलांटी असलेले दोन अक्षरी शब्द दहातले आठ बरोबर वाचेल" हे लिहिलं असेल, तर डिसेंबरात बसून बघता येतं.

आराखडा बनवताना पालकांनी बसायचंच. मुलाला काय आवडतं, कशाने बिथरतं, कधी थकतं, हे कुठल्याही चाचणीपेक्षा आईला जास्त माहीत असतं. मूल मोठं असेल तर त्यालाही विचारा. "तुला कोणाजवळ बसायला आवडतं?" या प्रश्नाचं उत्तर मी कित्येक आराखड्यांत शोधलं, ते फारसं सापडत नाही.

शाळा बघायला जाताना

इमारतीने भारावून जाऊ नका. चालू वर्गात दहा मिनिटं बसू द्या म्हणून विचारा. या शाळेत आधी असं मूल शिकलं आहे का, ते आता कुठे आहे, हे विचारा. स्वच्छतागृहापर्यंत मुलाला नेऊन बघा. नेहमीच्या शाळेत विचारा की विशेष शिक्षक आठवड्यातून कितीदा येतात आणि सहलीला, स्नेहसंमेलनाला याला घेणार का. विशेष शाळेत विचारा की मागच्या काही वर्षांत इथून किती मुलं नेहमीच्या शाळेत गेली, आणि अठराव्या वर्षानंतर मुलं काय करतात. खाजगी शाळा शॅडो टीचर (वर्गात फक्त याच मुलाच्या मदतीला बसणारी व्यक्ती) पालकांनीच आणा आणि पगारही द्या म्हणते, तेव्हा ती मोठी सोय करून देते आहे असं समजू नका. मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करणं हे कायद्यानेच तिच्यावर टाकलेलं काम आहे.

पैशांची बाजूही माहीत हवी. समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, त्यातून साधनं, प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता मिळू शकतो. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने, वेगळे. रक्कम लहान आहे हे खरं, पण ती मागितल्याशिवाय पोहोचत नाही. विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित गटातून अर्ज करू शकतात. दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. मात्र अध्ययन अक्षमतेसाठी गणिताऐवजी सोपा पर्याय घेण्याची सवलत घेताना पुढच्या विज्ञान, वाणिज्य शाखांच्या वाटा बंद होतात का, हे आधी नीट तपासा. दहावी सुटण्याच्या घाईत कितीतरी हुशार मुलांची दारं अशी मिटलेली आहेत.

शाळेने नाकारलं तर

तोंडी नकार कधीच घेऊ नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि शिक्का-सहीची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. नकार असेल तर कारणासह लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की निम्म्या शाळांचा सूर बदलतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा-मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. तसं केल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपये आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्षाच्या मध्ये "हा जमत नाही, काढून न्या" म्हणणाऱ्या शाळेलाही हाच कायदा लागू आहे. आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा, मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. तिथे दाद मिळाली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आणि दिव्यांग हक्कांसाठीचे राज्य आयुक्त आहेत. सोबत तीन गोष्टी जोडा: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, अर्जाची पोच आणि शाळेशी झालेल्या बोलण्याची तारीखवार नोंद. ही नोंद पहिल्याच भेटीपासून ठेवायला लागा, भांडणाची वेळ आली नाही तरी पुढचा आराखडा करताना तीच वही कामाला येते.